आधी कोणी बोलायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

मायना काय लिहावा हे ठरवण्यात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतंच ताई. एकोणीस वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. पत्र ऑफिसच्या कामाचं आहे. मी जुनं काही उकरणार नाही, तूही उकरू नकोस.

सोबत एक फॉर्म जोडलाय. वर 'समाजातील ज्येष्ठ व्यक्तीचा अभिप्राय' असं छापलंय. तुमच्या भागात फिरणारी नर्स म्हणाली, वस्तीत आता सगळे तुला विचारून करतात. म्हणजे ज्येष्ठ तूच. खाली फुली केलीय तिथे सही कर आणि परत पाठव. मजकूर मी भरते, तुला डोकं चालवायची गरज नाही.

मी बालकल्याण केंद्रात नोकरीला आहे. ज्या मुलांना घरातून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवलंय, त्यांची आईवडिलांशी भेट घडवायची, कोपऱ्यात बसून बघायचं आणि तक्ता भरायचा, हे माझं काम. तक्त्यात बारा रकाने. डोळ्याला डोळा भिडवला का, स्पर्श केला का, नावाने हाक मारली का, एकत्र खेळले का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण.

आत्ताची केस आपल्यातलीच आहे. आई ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती, सहा वर्षांची मुलगी तिने आपल्या मावशीकडे ठेवली. मावशीचं घर एका खोलीचं. शाळेने तक्रार केली, आमच्या साहेबांनी कागदावर 'पालक अनुपस्थित' लिहिलं आणि पोर उचलली. सव्वा वर्ष झालं. भेटी आत्ता कुठे मंजूर झाल्यात, पंधरा दिवसांनी एक, सोमवारी, तासभर. दहा मार्चला न्यायाधीशांपुढे सुनावणी आहे. मुलगी आईकडे परत जाईल की कायमची त्या दुसऱ्या घरची होईल, ते त्या दिवशी ठरणार, आणि ठरणार माझ्या तक्त्यांवरून.

आज चौथी भेट झाली. आई दोन बस बदलून येते, पायपुसण्यावर पाय पुसते, खुर्ची अर्धी भिंतीकडे वळवते आणि पिशवीतलं शिवण काढून बसते. तासभर! पोरीकडे मान वर करून बघत नाही. पोर दुसऱ्या कोपऱ्यात ठोकळे रचते. आमचा शिपाई पोरीला मौनीबाबा म्हणतो. आज मधे ती जरा वळली, काहीतरी होईलसं वाटलं, पण झालं नाही. मी पुन्हा शून्य दिलं. काय देणार दुसरं? आपलीच बाई असं वागते आणि सगळं ऑफिस माझ्याकडे बघतं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सही लवकर पाठव.

धाकटी


१२ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

पत्र पोचल्याची पावती माझ्याकडे आहे. तेव्हा मिळालं नाही असं सांगू नकोस. एक सही मागितली होती, किडनी नाही.

दोन दिवस आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं होतं. 'आदिवासी बालके व कुटुंबांसाठी आघात-संवेदी काळजी'. नावच एवढं की फलक दोन खिळ्यांवर मावला नाही, तिसरा ठोकावा लागला. शिकवणारी बाई गोड होती. म्हणाली, ज्या मुलाला एकदा ओढून नेलंय त्याच्या अंगाला आपण विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. त्याला वेळ द्या, जागा द्या, पहिलं पाऊल त्याला टाकू द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

मग भेटीच्या खोलीचं रूप पालटलं. एक मऊ गादी आली, भिंतीवर 'तू इथे सुरक्षित आहेस' असं लिहिलेलं चित्र आलं. आरसा मात्र तोच, ज्याच्या पलीकडून मोठ्या मॅडम बघतात. दाराचं बटण तेच, जे दाबल्यावर भोंगा वाजतो आणि पोरं दचकतात. मी म्हटलं, आधी तो भोंगा काढा. तर म्हणे भोंगा दुसऱ्या विभागाकडे येतो.

शेवटी त्या बाईने आम्हाला डोळे मिटून आपली सुरक्षित जागा आठवायला सांगितली. कुणी बाग सांगितली, कुणी समुद्र. मी वाचनालय सांगितलं. खोटं सांगितलं. मला तुझा ओटा दिसला, आणि तुझी पाठ.

उकरायचं नाही असं मीच म्हटलं होतं, पण आता निघालंच आहे तर बोलते. मी सहा वर्षांची असताना मला गाडीत घालून निवासी शाळेत नेलं. त्या सकाळी तू पाण्याला गेली होतीस, माझ्यासाठी न थांबता. एरवी मी मागून ओरडले की थांबायचीस. बारा वर्षं मी सुट्टीलाही आले नाही, कारण आम्हाला सोडतच नव्हते. अठरा पुरी झाल्यावर सोडलं, तेव्हा आई गेलेली होती. मी सरळ तुझ्याकडे आले. तू भांडी घासत होतीस. तू मला बघितलंस, ताई. मी बघितलं तुला बघताना. आणि तू पाठ फिरवलीस. भांडी झाली, मग अंगण झाडलंस, मग लाकडं रचलीस. मी चार तास ओट्यावर बसले होते, पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन. एका शब्दाने विचारलं नाहीस. मग दुपारच्या बसने मी गेले.

म्हणून त्या आईला बघितलं की माझं टाळकं सरकतं. आता कळलं असेल.

फॉर्म पाठव. दुसरा जोडलाय, पहिला हरवला म्हणशील म्हणून.


१७ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

आज पाचवी भेट. आईबरोबर तिची मावशीही आली होती, जिच्याकडून पोर उचलली ती. ठेंगणी, दोन्ही गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. तिला आत सोडायची परवानगी नाही, म्हणून बाहेर बाकावर बसली. भेट संपल्यावर मी चहा घेऊन तिच्याजवळ गेले. प्रशिक्षणात सांगितलं होतं, नात्यातल्यांशी आपुलकीने बोला.

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्यातल्या ना? मग त्या दिवशी पोरीचं तोंड कशाला बंद केलंत?"

"मी कुठे बंद केलं? नियम आहे, बघणाऱ्याला समजेल अशाच भाषेत—"

"ती बोलणार होती. आईकडे वळून. त्या एका शब्दासाठी आम्ही सव्वा वर्ष बसलोय."

मला राग आला. मी म्हटलं, "मग आईने बोलावं ना आधी! जवळ घ्यावं. कुणी हात धरलेत तिचे?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी कप खाली ठेवला.

"धरून नेलेल्याला पुन्हा धरायचं नाही," ती म्हणाली. "एवढंही तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मग तिने सांगितलं. तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण मला ते सदतिसाव्या वर्षी एका बाकावर बसून कळलं. पूर्वी आपली माणसं वेठीला धरून न्यायचे. कधी वर्षाने सुटून यायची, कधी पाचाने. आल्यावर कुणी नुसता खांद्यावर हात ठेवला तरी किंचाळायची. म्हणून घरच्यांनी ठरवलं, परत आलेल्याच्या अंगावर जायचं नाही. त्याच्याकडे बघायचंही नाही. पाठ करायची, हाताला काम घ्यायचं, पण जवळच राहायचं, हलायचं नाही. त्याला वाटेल तेव्हा तो बोलेल. आधी त्याने बोलायचं. मग वळायचं, मग धरायचं, आणि मग सोडायचं नाही.

"आणि नाहीच बोलला तर?" मी विचारलं.

"तर थांबायचं," मावशी म्हणाली. "दुसरं काय करतो आपण?"

ताई, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. आधी मला तुझा राग आला, मग स्वतःचा, मग पुन्हा तुझा. तू थांबली होतीस? त्या चार तासांत तू लाकडं रचत होतीस ती थांबून? मला कसं कळणार होतं? सहा वर्षांच्या पोरीला कोण सांगतं हे? आणि नंतर तरी! एकोणीस वर्षांत एक कार्ड टाकलं असतंस, 'अगं बये, तू बोल' एवढंच, तर काय आभाळ कोसळलं असतं? एवढी कसली शिस्त? मावशीला हेच विचारलं, तर म्हणाली, हाका मारून मागे लागणं म्हणजेही धरणंच. मला नाही पटलं. अजून पटत नाही.

आता चौथ्या भेटीचं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, पोर वळली पण काही झालं नाही. झालं होतं. ती ठोकळे टाकून उठली, आईच्या खुर्चीपर्यंत गेली आणि आपल्या भाषेत बोलायला लागली. तोंडातून अर्धा शब्द बाहेर आला होता. आईचं शिवण थांबलं. आणि मी कोपऱ्यातून म्हटलं, "बाळा, इथली भाषा बोल." गोड आवाजात म्हटलं, वर हसलेही. पोर ठोकळ्यांकडे परत गेली. मी खाली बघून लिहिलं: संवाद, शून्य.


२४ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

आठवडाभर मी मोठ्या मॅडमच्या मागे आहे. माझे तक्ते चुकलेत, ते मागे घेऊ द्या, म्हणून. त्या वाईट नाहीत, पण गेली बावीस वर्षं त्याच खुर्चीत आहेत आणि आता खुर्ची कुठे संपते आणि मॅडम कुठे सुरू होतात ते कळत नाही.

"तुझं निरीक्षण तूच खोडणार?" त्या म्हणाल्या. "उद्या प्रत्येक जण खोडेल."

"पण मॅडम, आई बरोबर वागतेय. प्रशिक्षणात शिकवलं तेच करतेय. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, पहिलं पाऊल मुलाला टाकू द्यायचं. माझ्या वहीत आहे, दोन रेघा मारून."

"ते आपल्यासाठी, गं. पालकांनी प्रेम दाखवायचं असतं."

"कोणाला दाखवायचं? आरशाला?"

त्यांना हे आवडलं नाही. शेवटी म्हणाल्या, खोडता येत नाही, पुरवणी जोडता येते. पुरवणीत 'सांस्कृतिक शेरा' म्हणून तीन ओळींची जागा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचं तीन ओळींत बसवा! बसवलं मी. तर आता म्हणतात, यावर समाजातल्या ज्येष्ठ व्यक्तीची सही हवी, मुलीच्या नात्यातली नको. म्हणजे तोच फॉर्म, ताई. तीन आठवड्यांपूर्वी आईच्या विरुद्ध मजकूर भरायला मी तुझी सही मागत होते. आता तिच्या बाजूने मागतेय. या वेळी मजकूर तू लिही. तुला हवा तेवढा लिही, समासात लिही, मागच्या बाजूला लिही.

किंवा तू ये. दहा तारखेला, अकरा वाजता. पत्ता पाकिटावर आहे. तू सांगितलंस तर त्यांना ऐकावं लागेल.

आणखी एक सांगते, म्हणजे ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. ही नोकरी मला मिळाली ती अर्जात 'आदिवासी भाषा: उत्तम' असं लिहिलं म्हणून. मला येत नाही. निवासी शाळेत पहिल्या वर्षी बोलले की उभं करायचे, दुसऱ्या वर्षापासून मी बोललेच नाही, मग ती गेली. ऑफिसात कुणाला येत नाही, त्यामुळे कधी उघडकीला आलं नाही. त्या पोरीला मी 'इथली भाषा बोल' म्हटलं ते नियमासाठी नव्हतं. तो नियम निम्मे लोक पाळतही नाहीत. ती काय बोलतेय हे मला कळणार नाही, आणि आरशापलीकडून मॅडम विचारतील, काय म्हणाली गं, याची मला भीती वाटली.


३ मार्च, सोमवार

ताई,

सहावी आणि शेवटची भेट संपली. सुरुवातीलाच मी पोरीसमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "आज तू कुठल्याही भाषेत बोल. कुणी काही म्हणणार नाही." तिने माझ्याकडे बघितलं, मग आरशाकडे, मग दाराच्या बटणाकडे. आणि ठोकळे रचायला लागली. एकदा गप्प केलेलं पोर माझ्या परवानगीने बोलायला ते काय नळ आहे?

तासभर मी आईचा हात बघत होते. आधी कधी बघितला नव्हता, बारा रकान्यांत हात कुठेच नाही. ती शिवत नाही, ताई. तोच एक टाका घालते आणि उसवते. सहा भेटींत त्या कापडाची एक वीतसुद्धा पुढे गेलेली नाही. पोर खोकली की टाका थांबतो. पोर हलली की आईची मान हलत नाही, पण खुर्ची बोटभर तिच्याकडे सरकते. हे सगळं माझ्यासमोर पाच वेळा झालं असणार आणि मी पाच वेळा शून्य लिहिलं.

भोंगा वाजला तेव्हा आईने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिने नुसतं बघितलं, पाय पुसले आणि गेली.

तुझं उत्तर नाही. तू येणार आहेस की नाही तेही माहीत नाही. टपालवाल्याने पावतीवर तुझा अंगठा नाही, सही आणलीय, चांगली वळणदार. म्हणजे हात चालतोय तुझा. तो फक्त माझ्यासाठी चालत नाही.


१० मार्च, सोमवार. सुनावणीनंतर, बाहेरच्या बाकावर

ताई,

हे मी तुझ्या शेजारी बसून लिहितेय. आपल्यामध्ये तुझी पिशवी आहे, पिशवीत माझी पाचही पत्रं आहेत, कडा मऊ झालेली. कागद म्हणून मी तुझाच फॉर्म घेतलाय, मागची बाजू कोरी आहे म्हणून. तू सही केलेली नाहीस. सहीशिवाय तू ज्येष्ठ नाहीस, म्हणून शिपायाने तुला आत सोडलं नाही. तीन बस बदलून आलेली बाई दाराबाहेर, आणि आत मी. मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

आत काय झालं ते तुला कळलं नसेल. न्यायाधीश बाईंनी माझी पुरवणी वाचली, तीन ओळी वाचायला लागतो तेवढाच वेळ. मग म्हणाल्या, "चौथ्या भेटीत मुलगी आईशी काय बोलत होती?"

मी म्हटलं, "माहीत नाही. मला त्यांची भाषा येत नाही."

"अर्जात तर उत्तम लिहिलंय."

"खोटं लिहिलं."

टंकलेखक बाई थांबली. मोठ्या मॅडमनी फाईल मिटली. पण एकदा सुटल्यावर मी थांबले नाही. म्हटलं, माझे सहाही तक्ते अशा माणसाने भरलेत ज्याला त्या खोलीत काय चाललंय ते कळत नव्हतं. आईने काही चुकवलं नाही. मी चुकवलं.

न्यायाधीश बाई बराच वेळ लिहीत होत्या. तक्ते रद्द. पुन्हा सहा भेटी, मावशीच्या घरी, भाषा येणाऱ्या माणसासमोर. तोवर कायमचं काही ठरणार नाही. म्हणजे पोर आज घरी जात नाही. माझ्या खोटेपणापायी आणखी तीन महिने गेले. पण ती हातची गेलेलीही नाही. बाहेर आल्यावर मोठ्या मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस." मी बरं म्हटलं.

आणि मग ते झालं, ते तूही बघितलंस. आई समोरच्या बाकावर बसली होती, शिवण घेऊन, भिंतीकडे वळून. पोर त्या दुसऱ्या घरच्या बाईंचं बोट धरून जात होती. मधेच थांबली. बोट सोडलं. आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. मला कळलं नाही. तुला कळलं, कारण तू मान खाली घातलीस. आणि ती आई वळली, ताई. शिवण खाली पडलं, सुई कुठे गेली कुणास ठाऊक. गाडी येईपर्यंत जेमतेम पाच मिनिटं मिळाली त्यांना. त्या पाच मिनिटांत तिने बाराच्या बारा रकाने भरले आणि तक्ता कुणाकडेच नव्हता.

आता सगळे गेलेत. शिपाई दोनदा येऊन गेला, त्याला कुलूप लावायचंय. तू माझ्याकडे पाठ करून बसली आहेस. पदराचं टोक घेऊन घडी घालतेस, उलगडतेस, पुन्हा तीच घडी घालतेस. केस पांढरे झालेत तुझे. मघाशी मी खोकले तेव्हा घडी थांबली.

तू मला बडबडी म्हणायचीस. पाच पत्रं लिहिली मी, सही कर, फॉर्म पाठव, तारखेला ये. हुकूमच सगळे. ते बोलणं नव्हतं, म्हणून तू उत्तर दिलं नाहीस, हे मला आत्ता इथे बसून कळतंय. सहा वर्षांच्या पोरीला जमलं आणि मी अर्धा तास फॉर्मच्या पाठीमागे लपलेय.

आपल्या भाषेतलं मला एकच वाक्य आठवतं. तू पाण्याला निघालीस की मी मागून ओरडायचे ते. थांब, मी पण येते. त्यातलाही एक शब्द नक्की चुकणार आहे. चुकू दे.

पेन ठेवते.